पुलावरचा नमस्कार

माझा जन्म इथलाच, बनारसचा, मंगला गौरीजवळच्या गल्लीतला. वडील बालाजी घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे, आई घरी त्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करायची. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, मग आईच्या हाताखाली लागले. चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून भीती, म्हणून हे असं एकटीनं बसून सांगते आहे. लग्नही याच मोहल्ल्यात झालं. सासरे भिक्षुक, पण आमचे हे पूजेत रमले नाहीत, ड्रायव्हर झाले. सासूबाई म्हणायच्या, पोरानं सोवळं सोडलंन आणि स्टिअरिंग धरलंन.

पण काय सांगू तुम्हाला, गंगेचा पूल आला की यांचा हात कपाळाला जायचाच. एकच हात, दुसरा स्टिअरिंगवर. याची त्यांना फार खंत. म्हणायचे, मागं बसलेली सवारी दोन्ही हात जोडते, आणि मी ब्राह्मणाचा मुलगा, गंगामाईला अर्धा नमस्कार करतो.

मग सेठजींनी नवी गाडी घेतली. सेठजी म्हणजे यांचे मालक, यात्रेकरूंना गाड्या भाड्यानं देतात. ती गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून आपली आपण चालायची, पुढचा थांबला की थांबायची. शोरूमवाल्यानं बजावलं होतं, भैया, हाथ मत छोड़ना, ही नुसती मदत आहे. आधी हे तिच्यावर डोळे लावून बसायचे, भरवसाच नव्हता. मग हळूहळू बसला, आणि एवढा बसला की एक दिवस पुलावर यांनी दोन्ही हात सोडले आणि जोडले. घरी आले तर चेहरा असा, की जन्म काशीत काढून काशीयात्रा आज घडली.

आमची मुलगी गंगेपलीकडं रामनगरला दिली आहे. सेठजींना विचारून यांनी एकदा मला आणि सासूबाईंना त्या गाडीनं तिकडं नेलं. पुलावर हात सुटले तशी मी ओरडलेच, अहो, हात! म्हणाले, घाबरतेस काय, ही तुझ्यासारखी नाही, न सांगता वळत नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, तुम्हा दोघांपेक्षा तीच शहाणी दिसते. जरा वेळानं गाडी टूं टूं करायची, हात ठेवा म्हणून. हे स्टिअरिंगला बोट लावायचे, ती गप्प व्हायची, हे पुन्हा हात जोडायचे, असा यांचा गंगेचा श्लोक पुरा व्हायचा. माझं ऐकतो कोण.

पौषात सकाळी हे एकटेच सवारी आणायला निघाले. धुकं होतं. पुलावर नवं डांबर पडलं होतं, पट्ट्या अजून मारल्या नव्हत्या. गाडी टूं टूं करायला लागली. यांना वाटलं रोजचंच, हात मागते आहे, श्लोकाची एवढी ओळ संपवू. ती सांगत होती की मला पट्टी दिसत नाही, आता तुम्ही सांभाळा. ओळ संपायच्या आत गाडी कठड्यावर. गाडीखाली दुसरं कुणी सापडलं नाही, तेवढी कृपा. यांच्या उजव्या कोपराचा चुरा झाला.

हाड जुळलं, पण हात वळत नाही, तळवा खालीच राहतो. डॉक्टर म्हणाले, आता गाडी नाही. सेठजी भला माणूस, घरी येऊन बसले, चहा घेतला, पण दुसरा ड्रायव्हर ठेवलाय हे सांगताना त्यांना जड गेलं. हे म्हणाले, उससे कहिए, गाड़ी बोले तो सुने. एवढंच. नंतर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होते.

सासूबाई म्हणतात, गाडीनं दगा दिलान. मी दोन घरच्या पोळ्या धरल्यात, दिवस जातो.

मुलीकडं आता शेअरच्या ऑटोनं जातो. पूल आला की सगळे हात जोडतात. हे डाव्या हातानं समोरची दांडी आवळून बसतात, नजर ऑटोवाल्याच्या हातांवर, गंगेकडं बघत नाहीत. मी दोन नमस्कार करते, एक माझा, एक यांचा. एकदा म्हणाले, माझा नको करूस. तरी करते, पदराआड, त्यांना कळू देत नाही. गंगामाई, ज्याचे हात गाडीवर आहेत, त्याचे तिथंच राहू देत. तुला पोचतं सगळं.