मधला आवाज

संगमनेरजवळच्या एका डेअरीवर, दूध घालायच्या रांगेत, माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा शेजारी बोलत होते.

“आक्का, गोठ्यातलं ते यंत्र चालतंय का?”

“चालतंय की. गाय हंबरली की सुनेच्या मोबाईलवर येतं, भूक लागली, तहान लागली, का माजावर आली.”

“दादांना हे नुसतं ऐकून कळायचं.”

“आमच्या ह्यांना जेवता जेवता कळायचं. हातातला घास ताटात ठेवून उठायचे.”

“सहा म्हयने झाले न्हाई त्यांना जाऊन?”

“व्हय. काल यंत्रवाली पोरगी आल्ती. म्हनली, आजी, वर्षभराचे आवाज साफ करायचेत. गाईचे ठेवते, मधीमधी मानसाचा आवाज हाय, तो कचरा काढून टाकते.”

“मानसाचा? कुनाचा?”

“मीबी तेच इचारलं. तिनं वाजवून दावला. ‘आलो गं चंद्रे, आलो. किती वरडशील?’”

“दादा!”

“चंद्रीनं रवंथ थांबवून मान वळवली.”

“मग?”

“म्हनलं, पोरी, गाईचे आवाज तू ने. तुझा तो कचरा तेवढा मला देऊन जा.”