पिशव्यांचं कापड

सासरा : सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही सूनबाई, पण माझ्या कापडातला तंतू इतका बारीक, की कोळी शिकायला यायचे माझ्याकडे. आठही पाय जोडून!

सून : मामंजी, मी विचारलं काय? उद्यापासून धाकटे भाऊजी दगड दळायच्या गिरणीत उभे राहणार. ह्यांची छाती जिथं गेली, त्याच चक्कीपाशी. तिथल्या धूळ गाळायच्या पिशव्या तुम्ही शिवल्यात. कुठल्या कापडाच्या?

सासरा : तिथंच येतोय. जाड तंतूचं कापड म्हणजे उघडं फाटक, कुणीही या, कुणीही जा. तंतू बारीक, की वाटा बारीक. मुंगी शिंकली ना, तरी शिंतोडा माझ्या कापडात अडकायचा!

(आतल्या खोलीत खोकल्याची उबळ.)

सून : डॉक्टर म्हणाले, आता औषध नुसतं मनाच्या समाधानाला.

सासरा : डॉक्टरला कापडातलं काय कळतंय!

सून : छातीतलं कळतं. भाऊजींना थांबवा.

सासरा : आणि खायचं काय? दुसरी गिरणी आहे कुठे इथं? अगं, भिऊ नकोस. मालक म्हणायचा, 'मास्तर, पिशवीपलीकडची हवा बाटल्यांत भरून विकू या!'

सून : म्हणजे बारीक तंतूचंच कापड होतं?

सासरा : रेशीम लाजेल असं.

सून : आणि पिशव्यांतून हवा ओढणारा वरचा मोठा पंखा?

सासरा : पाळण्यातल्या बाळासारखा! चौदा वर्षांत एकदा कुरकुरला नाही. पिशव्या झटकायला म्हणून गिरणी एक दिवस थांबली नाही.

सून : एकदाही नाही?

सासरा : तुझ्या नवऱ्याची शप्... एकदाही नाही.

सून : लग्नाआधी तीन वर्षं तुमच्या हाताखाली कापड तपासलंय मी. कापडाआड पेटती काडी धरायची आणि फुंकर मारायची. काडी विझली, म्हणजे फुंकर आरपार गेली, तर तंतू जाड. तुम्हीच शिकवलंत. बारीक तंतू धूळ अडवतो तशी हवाही अडवतो. पिशव्या चोंदतात, पंखा धापा टाकतो. आठवड्याला गिरणी थांबवून त्या झटकाव्या लागतात.

सासरा : मालकाला थांबणं परवडत नव्हतं, पोरी... म्हणजे, तसं नव्हे. माझं कापडच वेगळं...

सून : खोटं बोलताय, मामंजी. ह्यांच्या डोक्यावर जाड तंतूचं कापड होतं, आणि ते तुम्ही शिवलंत.