डोंगरावरचे बटाटे

ती : कपडे धुवायला आलास म्हणतोस, आणि पिशवीत मोज्यांचा एकच जोड?

तो : बरं, मुद्दाम आलो. काय करू मग? रोज तुझं दार वाजवतोय, उघडत नाहीस. म्हटलं, वसतिगृहाच्या तळघरात तरी सापडशील. कपडे तर प्रत्येकाला धुवावेच लागतात.

ती : उद्याची चौकशी होईपर्यंत आपण एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांनाही बजावलंय. कोणी कोणाचं उत्तर चोरलं ते कॉलेज ठरवेल.

तो : आणि तू काय सांगणार आहेस?

ती : खरं ते. परीक्षेत तू माझ्या मागे बसला होतास. मला काही पाठीला डोळे नाहीत.

तो : तुझं अक्षर मुंगीएवढं. मागून काय दिसणार, डोंबल?

ती : मग माझा डोंगर तुझ्या पेपरात कसा चढला? प्रश्न होता, उंचावर पाणी कमी तापमानाला का उकळतं, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. मी माझ्या आई आणि आत्याचं लिहिलं. सहलीला डोंगरावर गेल्या, बटाटे उकडत बसल्या, पाणी खळाखळा उकळतंय आणि बटाटे काही शिजेनात. आत्या म्हणते बटाटेच जून, आई म्हणते स्टोव्हच मंद. आणि तू कोणाचं लिहिलंस?

तो : मामी आणि मावशी.

ती : काय उकडत होत्या?

तो : बटाटे.

ती : आणि तापमान पंच्याऐंशी अंश. प्रश्नात दिलेल्या उंचीला त्र्याण्णवच्या आसपास यायला हवं. म्हणजे चूकसुद्धा तीच. अख्ख्या वर्गात नणंद-भावजयीचं भांडण आपल्या दोघांच्याच पेपरात आहे. मास्तरीणबाईंना संशय नाही येणार तर काय?

तो : ऐकून तर घे. ती गोष्ट माझ्या अकरावीच्या क्लासच्या सरांची. आकडाही त्यांचाच, तो डोक्यात पक्का बसलेला. आम्ही सपाटीवरची माणसं, डोंगराचा अनुभव कुठून आणू? म्हणून मामीला चढवलं वर.

ती : कुठले सर?

तो : आमच्या गावी बसस्टँडमागच्या गाळ्यात क्लास घेतात ते. पाठीमागे हात बांधून फिरतात. कोणाचं गणित चुकलं की म्हणतात, वा पठ्ठ्या, नवीन शोध लावलास.

ती : ते माझे बाबा आहेत.

तो : काय सांगतेस?

ती : उगाच भोळा चेहरा करू नकोस. हे तुला आज कळलं होय?

तो : आईशप्पथ आज कळलं. तुमच्या आडनावाची माणसं गल्लोगल्ली आहेत, मी काय वंशावळ विचारत बसू?

ती : मला बाबांनी घरीच शिकवलं, त्या गाळ्यात मी कधी पाऊल टाकलं नाही. पण एवढं मला कळतं की घरातली गोष्ट ते बाहेर सांगणाऱ्यातले नाहीत.

तो : दरवर्षी सांगतात, सगळ्या बॅचला. विश्वास नसेल तर आईला फोन लाव की. काकूंना विचार.

ती : काय म्हणालास?

तो : काकूंना विचार म्हटलं. सर सारखे त्यांच्याबद्दल बोलत असतात. क्लास लांबला की म्हणतात, चला, नाहीतर बायको ताट झाकून झोपून जाईल. मी इकडे परदेशी यायला निघालो तेव्हा म्हणाले, बायकोने निरोप दिलाय, स्वेटर विसरू नकोस.

ती : बस. आता सापडलास.

तो : का? काय झालं?

ती : आई गेली, मी पाचवीत असताना. बाबांच्या क्लासचा मुलगा आणि त्याला एवढंही माहीत नाही?

तो : कसं शक्य आहे?

ती : ती गेल्यावर आम्ही गाव बदललं. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही. फोटोसुद्धा कपाटात आहे. आणि तो माणूस पोरांपुढे बायकोच्या गमती सांगतो? कोणाकडून तरी अर्धवट माहिती काढलीस आणि तोंडावर आपटलास.

तो : तू नुसता संशय घेतेस, माझं इथलं सगळं संपतंय. पहिल्या सत्रात निबंधात एक उतारा घेतला, कुठून घेतला ते लिहायचं राहिलं, तेव्हा ताकीद मिळाली. पुन्हा सापडलो की नाव कापतात. नाव कापलं की व्हिसा गेला. उद्या तू ‘ही माझ्या घरची गोष्ट’ एवढं म्हणालीस तरी मी घरी.

ती : मेलेल्या बाईचं नाव घेऊन खोटं बोलायचं नव्हतंस मग.

तो : लाव फोन सरांना. आत्ता, माझ्यासमोर. मी इथे आहे हे सांगूही नकोस.

ती : लावते. मध्ये बोललास तर बघ.

(फोन लागतो. ती स्पीकर सुरू करते.)

सर : बोल गं. जेवलीस का?

ती : जेवले, बाबा. एक विचारायचं होतं. उंचावर पाणी लवकर उकळतं हे तुम्ही क्लासमध्ये कसं शिकवता?

सर : पुस्तकात दिलंय तसं. का?

ती : उदाहरण काय देता?

सर : देतो काहीतरी. तुला कोणी काही बोललं का?

ती : बटाट्यांचं देता का, बाबा?

सर : कोण आहे तिथे तुझ्याजवळ?

ती : तुमचा एक विद्यार्थी. इथे माझ्याच वर्गात आहे. तो म्हणतो, तुमच्या बायकोने त्याला स्वेटरचा निरोप दिला होता.

सर : उंच? कानावर पेन खोचणारा?

तो : हो सर, मीच.

सर : नेलास का स्वेटर?

तो : नेला, सर.

ती : म्हणजे हा खरं बोलतोय.

सर : अगं, नवं गाव होतं. पहिल्याच दिवशी एका पोराने विचारलं, सर, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बायको आणि मुलगी. तोंडातून निघून गेलं. मग दुरुस्त करायचं जिवावर आलं. पुढे पुढे बरं वाटायला लागलं.

ती : आणि घरी मी तिचं नाव काढलं की उठून जायचात.

सर : घरी तुला सगळं माहीत होतं ना. क्लासमध्ये ती जिवंत होती.

तो : सर, माफ करा. मला माहीत नव्हतं.

सर : कसं असेल? मीच होऊ दिलं नाही. पण हे आज का निघालं?

ती : आम्ही दोघांनी पेपरात तीच गोष्ट लिहिली. कॉलेजला वाटतं, एकाने चोरली. मलाही तसंच वाटत होतं. उद्या चौकशी आहे. दोघांनाही ती तुमच्याकडूनच मिळाली, हे कोणीतरी सांगायला हवं. नाहीतर याला घरी पाठवतील.

सर : मी सांगेन. व्हिडिओवर चालेल का त्यांना?

ती : चालतं. मी विचारून ठेवलंय, माझ्या बाजूने तुम्हाला बोलवायचं म्हणून.

सर : ते खोदून खोदून विचारतील ना? गोष्ट कोणाची, बायको काय करते, कुठे असते. मी काय सांगायचं गं?

ती : क्लासमध्ये सांगता तसंच सांगा, बाबा. मी मध्ये बोलणार नाही.