कंसातलं हसणं

…आणि वर मलाच म्हणतात, "आवाज चढवू नका!" अहो, चढवू काय? माझा आवाज तुमच्याच कपाटात कुलपात पडलाय, तो आधी बाहेर काढा, मग चढवायचा की उतरवायचा ते बघू! पण नाही. काउंटरमागच्या त्या मॅडम चष्मा नाकावर खाली घेतात आणि गोड आवाजात म्हणतात, "दादा, तसं धोरण आहे."

तुम्हाला सांगतो, मी वेल्डर माणूस. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. माझ्या धंद्यात एखादी गोष्ट उघडत नसली की दोनच उपाय, तेल नाहीतर हातोडा. धोरण ही चीज मी पहिल्यांदा पाहिली. तिला ना बिजागरी, ना कडी. ठोकायचं कुठे?

माझी ताई या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. करत होती म्हणजे केली, पुरी केली, प्रबंध जमा केला, तोंडी परीक्षा झाली, आणि मग साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली ती… जाऊ दे. ते सांगायला लागलो तर हे राहील.

तर प्रबंध कशावर? शाळा अर्धवट सोडलेले कारागीर काम शिकतात कसं, यावर. आता घरातच फुकटचा नमुना बसलेला असताना बाहेर कशाला जायचं! जेवणाच्या सुट्टीत दुकानावर यायची, मोबाईल लोखंडाच्या पट्टीला टेकवून ठेवायची आणि सुरू. "ठोंब्या, हे तुला कुणी शिकवलं?" "उस्तादाने." "कसं?" "कानफटात मारून." "आणि शेठने काय शिकवलं?" मग मी शेठवर जो सुटायचो! मागे ग्राइंडर किंचाळतोय, मी शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि ही समोर डबा खात मान डोलावतेय. हे सगळं रेकॉर्ड झालं. हे सगळं प्रबंधाबरोबर जमा झालं. आणि हे सगळं विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत गेलं. रिपॉझिटरी म्हणजे कॉम्प्युटरमधलं कपाट. मोठं कपाट. माणसाला बाहेर उभं करणारं.

लोक म्हणतात, त्या रेकॉर्डिंगसाठी कशाला एवढा जीव आटवतोस, तिचे व्हॉइस मेसेज ऐक की. कुठले? बाईने मला जन्मात एक व्हॉइस मेसेज पाठवला नाही! का? तर मला वाचायची सवय लागावी! "येताना साबण आण" हेसुद्धा टाइप करायची. मी बोलून पाठवायचो, तिचं उत्तर लिहून. फोनमध्ये फोटो ढीगभर, आवाज एक नाही. आणि परवा आई भांडी घासता घासता थांबली, म्हणाली, "तिचा आवाज कसा होता रे? बारीक होता ना?" आई विचारतेय! मला! मी तोंड उघडलं आणि… मलाही तो आठवेना.

म्हणून तो प्रबंध उघडला. मावसभावाने मोबाईलवर लावून दिला. लिहिलेला भाग खुला आहे हो, जगातल्या कुणीही वाचावा. मी बोट ठेवून ठेवून वाचला. तिथे मी नाहीच! 'सहभागी क्रमांक सात' म्हणून कुणीतरी आहे, त्याला आदराने 'ते' म्हटलंय. ते म्हणतात, ते सांगतात… मी म्हटलं, हे कोण साहेब? आणि ताई त्यांना विचारते, "संधी मिळाली तर पुन्हा शाळेत जाल का?" जाल का! मला! जन्मभर ठोंब्या म्हणणारी! आणि खाली छापलंय,

"सहभागी क्रमांक सात : मेलो तरी जाणार नाही. (दोघे हसतात.)"

दोघे हसतात.

अहो, ताई हसायची तेव्हा आधी आवाज यायचाच नाही. नुसते खांदे हलायचे. आपल्याला वाटायचं हिला ठसका लागला, पाठीवर मारावं का, आणि मग मागाहून एकदम… ते कुठाय? कंसात दोन शब्द आहेत. हसणं कपाटात आहे.

कारण खाली कुलपाचं चित्र, आणि 'ध्वनिफीत : प्रवेश मर्यादित'. त्याखाली बटण, 'लेखकाकडे प्रत मागा'. दाबलं. लगेच उत्तर! "आपली विनंती लेखकाकडे पाठवली आहे. लेखक लवकरच आपल्याशी संपर्क साधतील."

आता मला कळत नव्हतं का? शेवटपर्यंत तिच्या उशाशी मीच होतो ना! पण लिहिलंच तसं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलं होतं! मी वेल्डिंगचा मुखवटा वर करकरून फोन बघतोय. शेठ म्हणाला, "काय रे, कुणी मुलगी उत्तर देत नाही का?"

म्हटलं, "नाही देत."

मग गेलो विद्यापीठात. मॅडम म्हणाल्या, "लेखकाची लेखी संमती लागेल." म्हटलं, लेखक वारली. "अरेरे," म्हणाल्या, आणि खरंच चष्मा काढून खाली ठेवला, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "तर वारसाची लागेल. कॉपीराइट आता वारसाकडे." आईला घेऊन आलो. आईला कॉपीराइट काय ते माहीत नाही, ती म्हणाली, "पोरीचं काही माझ्याकडे आलं म्हणतात, तर द्या ना मग." सही केली. मला वाटलं, सुटलो!

"आता सहभागीची संमती. फितीत क्रमांक सातचा आवाज आहे, त्यांची ओळख जपावी लागते."

"अहो, मीच सात!"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

"तुम्ही नका सांगू, मी सांगतोय ना!"

"दादा, तुम्हीच सात आहात हे आम्हाला कळलं, तर मग ओळख गुप्त राहिली कुठे?"

ऐकलंत? माझी अब्रू माझ्यापासून वाचवतायत! मी म्हटलं, फीत लावा, मी इथे उभा राहून बोलतो, आवाज ताडून बघा. तर म्हणे, ताडायला फीत उघडावी लागेल. मग उघडा! तर म्हणे, ती बंद आहे. का बंद आहे? बोला, तुम्हीच बोला. धोरण आहे!

तेव्हा चढला माझा आवाज. शिपाई आला. त्या गडबडीत आतून ताईचे सर आले. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, "बाळा, हे कुलूप आमचं नाही. आमची समिती म्हणत होती, फिती खुल्या ठेवा. तुझी ताई हमरीतुमरीवर आली. म्हणाली, माझा भाऊ शेठच्या नावाने काय काय बोललाय त्यात, उद्या त्याला कामावरून काढलं तर समिती पोसणार आहे का? कुणाचा क्रमांक कोणता याचा कागद होता, तोही तिने नियमाप्रमाणे फाडून टाकला."

घ्या! इतके दिवस मी ज्याच्या नावाने बोटं मोडतोय ते कुलूप ताईचं. माझ्यासाठीच घातलेलं. आता शिव्या कुणाला घालायच्या सांगा! घशाशी आलेल्या शिव्या मी पाण्याबरोबर गिळल्या.

म्हटलं, "म्हणजे ते कुणीच ऐकायचं नाही?"

"ऐकता येतं की," मॅडम म्हणाल्या. "नोंदणी झालेल्या संशोधकाला. आमच्याच वाचनकक्षात बसून, हेडफोन लावून."

"मग करा माझी नोंदणी!"

"शिक्षण?"

"आठवी."

"पास?"

मी शिपायाकडे बघितलं. शिपायाने छताकडे बघितलं.

मॅडमनी चिटोऱ्यावर लिहून दिलं. आधी दहावी, बाहेरून बसता येतं. मग बारावी. मग पदवी, मग एम.ए., मग प्रवेशपरीक्षा, मग नोंदणी, मग हेडफोन. जिने मी रोज बनवतो हो, पण एवढ्या पायऱ्यांचा जिना कुणी ऑर्डर दिली तर मी आधी विचारीन, वर घर आहे ना नक्की?

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. म्हटलं, आई, पांढरे केस येतील मला. आई म्हणाली, "येऊ देत. मी थांबते तोवर."

दहावीची पुस्तकं आणली. व्याकरण उघडलं की झोप येते, गणित उघडलं की उडते. शेठ हसतो, मावसभाऊ हसतो. ताई जिवंतपणी घसा कोरडा करून दमली, तेव्हा जे जमलं नाही ते आता बसल्या जागी, तोंडातून अक्षर न काढता करून घेतेय माझ्याकडून!

मेलो तरी शाळेत जाणार नाही, म्हणालो होतो मी. मेली ती. आणि शाळेत मी.

हसा की! हसलात तरी चालेल… तसंही ते कंसातच जाणार.