रिपोर्टवर एकटीची सही नको

आमचे बाबा मूळचे नागपूरचे, सरकारी कारकून, त्यांचं ऑफिस भोपाळला आलं तसे तेही आले, आणि मी जन्मले ती इथंच, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये, म्हणून माझ्या मराठीत हिंदी घुसते, ते तुम्ही सांभाळून घ्या.

केमिस्ट्री शिकले आणि पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागले. काचेसारखं दिसणारं पाणीसुद्धा लेकराला आजारी पाडतं हो, ते डोळ्याला कळत नाही, म्हणून आमची नोकरी.

संघटनेत मला तिवारीजींनी नेलं. ते स्वच्छता निरीक्षक, निवृत्तीला आलेले. पाणी, कचरा, सांडपाणी बघणारे आम्ही सगळे, आमची ती संघटना, हबीबगंजला एका शिकवणीच्या खोलीत दर शनिवारी जमायची. मला वाटलं समोसे खातील, भाषणं करतील. समोसे होतेच. पण काय सांगू तुम्हाला, नमुना घेण्याआधी नळाचं तोंड ज्योतीनं कसं तापवायचं, पाणी किती वेळ वाहू द्यायचं, हे मी ऑफिसात नाही, तिथं शिकले. माझं चुकलं की तिवारीजी म्हणायचे, बिटिया, जल्दी किस बात की है, फिर से करो.

मग एका वस्तीत लेकरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. मी नमुने आणले, पाण्यात सरळ गटाराची घाण निघाली. तिथल्या नव्या लाईनचं उद्घाटन नुकतंच झालेलं. आमच्या लॅबचे साहेब म्हणाले, बाटली तुमचीच घाण असेल, पाणी ठीक आहे असं लिहा. मी परत नमुने आणले, परत तेच. तर म्हणाले, बदलीची तयारी ठेवा. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून मी कुठं जाणार होते. रिपोर्ट तसाच ठेवला, सही केली नाही, आणि जेवण जाईना.

शनिवारी गेले, कोपऱ्यात बसले. तिवारीजींनी तोंड बघूनच विचारलं आणि मी रडले, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, साहेबावर चिडून काय होणार, आपण दाखवून देऊ. वेगवेगळ्या लॅबमधले चौघं दुसऱ्याच दिवशी त्याच नळांवर गेले, आपापल्या बाटल्या घेऊन, आपापल्या लॅबमध्ये तपासलं. चौघांचं उत्तर एकच, माझंच. मग संघटनेनं पत्र लिहिलं, सगळ्यांच्या सह्या, पहिली तिवारीजींची. मी म्हटलं, तुमची पेन्शन तोंडावर आलीय, तुम्ही राहू द्या. तर हसून म्हणाले, ऊपर मेरा नाम रहेगा तो साहब को तुम्हारे नाम तक पहुँचने में टाइम लगेगा. असा माणूस.

पत्र वाचून साहेबांनी तिथली लाईन खोदायला सांगितलं. पाण्याचा पाइप नालीतून गेलेला, जोडावर फुटलेला. दुरुस्त होईपर्यंत टँकर आले, लेकरं बरी झाली. माझी बदली झाली नाही. साहेब नंतर माझ्याशी कधी नीट बोलले नाहीत, चालतं.

आता तिवारीजींना दिसत नाही, मी जाते, त्यांना पेपर वाचून दाखवते. संघटनेची सचिव मीच आहे. परवा एका नव्या पोरीचा फोन आला, मॅडम, सँपल खराब आया है, क्या लिखूँ. म्हटलं, जे आलं तेच लिही, आणि थांब, मी येऊन राहिले. गेले. अशा पोरींना वेळेवर कुणीतरी सोबतीला मिळत राहो, बस, माझं दुसरं मागणं नाही.