हौसाआत्याचा दोरा आणि गिअरची दांडी

मंडळी, ऐका! आज प्रश्न माझा नाही. काल पंगतीत वाढप करता करता, हातात आमटीची बादली घेऊन, तुमच्या गावच्या अधिराजनं मला गाठलं. म्हणतो कसा, "महाराज, नवी स्पोर्ट बाईक घेतलीय. क्विकशिफ्टर बसवू का नको?" आता आली का पंचाईत! मला वाटलं पोरगं मोक्षाचं विचारणार! (तो बघा, खांबामागं लपला. ये रे, पुढं बस. लाजतोस काय!)

पण मी म्हटलं, प्रश्न चांगला आहे. मधे जरासुद्धा न थांबता पुढं जाता आलं, तर जावं का? बोला! देवळात बसलात म्हणून "नको" म्हणाल – आणि बाहेर पडताना चपलांपाशी ढकलाढकली कोण करतं, ते मला माहीत आहे!

आता हे क्विकशिफ्टर काय, ते मावशींना सांगितलं पाहिजे. गाडीचा गिअर बदलायचा म्हणजे केवढा सोहळा! उजव्या मुठीचा पीळ सोडा, डाव्या हातानं क्लच दाबा, पायानं गिअर टाका, क्लच सोडा, परत पीळ द्या. क्विकशिफ्टर म्हणजे गिअरच्या दांडीवर बसवायचं एक बोटभर यंत्र. पायाचा दाब पडला की ते ओळखतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत इंजिनाचा जोर तोडतं, तेवढ्यात गिअर पडतो – की जोर परत चालू! ना क्लच, ना थांबणं. गणपतराव, पखवाजाचा ठेका जरा बदला हो... बदलला! गजर थांबला का? नाही! गणपतरावांच्या बोटांत क्विकशिफ्टर आहे, मंडळी! (वय बघा आणि वेग बघा!)

तर कोल्हापूरकडच्या एका गावात शामराव खराडे म्हणून गृहस्थ. त्यांचा मुलगा सत्यशील. गाडी अशी चालवायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं! माळावरच्या ट्रॅकवर शर्यती व्हायच्या, हा प्रत्येक शर्यतीला हजर. पण एक खोड होती. गाडीपेक्षा जीभ जोरात! बाप विचारायचा, "जेवलास काय रं?" – की लगेच, "दिसत न्हाई व्हय?" अरे, बाप आहे तो!

दिवाळीला हौसाआत्या, शामरावांची थोरली बहीण, चकल्या घेऊन आली. विधवा बाई, मूलबाळ नाही, या पोरावर सगळा जीव. चकली जरा वातड झाली होती. झाली तर झाली! सगळ्या पाहुण्यांसमोर हा म्हणतो, "आत्या, ही चकली हाय का टायर?" पाहुणे हसले. आत्यापण हसली – आणि डबा घेऊन गेली, ती चैत्र उजाडला तरी उंबऱ्याला आली नाही! अहो, कोणीतरी जाऊन आणायचं की नाही तिला? हा गेला नाही. ह्याचा सराव चालला होता ना!

शामराव एक दिवस म्हणाले, "सत्या, पुढच्या शर्यतीत पैल्या तिघांत आलास तर ठीक. न्हाईतर गाडी इकायची आन् चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसायचं. मला तुझ्या घाईचं भ्या वाटतंय."

सत्यशीलचा जीव त्या गाडीत! ट्रॅक्टरच्या दुकानात बसायचं नुसतं नाव काढलं तरी पोरगं कोमेजायचं. त्यानं हिशेब मांडला – वळणात मी कमी नाही, सुरुवातीला कमी नाही, मार खातो तो गिअर बदलताना. बसवलं क्विकशिफ्टर! आणि खोटं कशाला बोलू, सरावात गाडी वाऱ्यासारखी पळाली. यंत्र वाईट नव्हतं, मंडळी. यंत्राला नावं ठेवायला मी इथं उभा नाही.

शर्यतीचा दिवस आला. आणि कोण यावं? हौसाआत्या! रुसवा गिळून, एसटीनं, जोतिबाचा गुलाल आणि काळा दोरा घेऊन! सत्यशीलला बरं वाटलं, पण बोलायला वेळ कुठं? आत्यानं विचारलं, "बाळा, गाडीची सगळी ताकद कशात हाय रं?" हा हातमोजे चढवत, दांडीकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्या दांडीत!" आणि हेल्मेट आणायला गेला.

झालं! आत्या खाली बसली. जिथं ताकद तिथंच देवाचा दोरा नको का? दांडीला गुंडाळला, शेजारच्या लोखंडाला ताणून घेतला, आणि दिली निरगाठ! वर गुलालाचं बोट. बैलाच्या शिंगाला बांधतात, नव्या गाडीला बांधतात – तिनं इथं बांधला. सांगा, तिचं काय चुकलं?

झेंडा पडला! गाड्या सुटल्या! कमी जोरात ते यंत्र गप्प असतं, त्यामुळं सुरुवात झकास. पण गाडीनं जोर धरला – आणि ताणलेला दोरा दांडीला ओढायला लागला. यंत्राला वाटलं, पायच दाबतोय! तोड जोर! परत तोड! गाडी कशी – ठप्! ठप्! ठप्! उचकी लागल्यासारखी! एक गाडी पुढं गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या! सत्यशीलच्या डोळ्यांत पाणी. तसंच हँडलजवळचं बटण दाबलं, यंत्र बंद केलं, आणि आपला जुना क्लच धरला. एकेक गाडी मागं टाकत आला, आला, आला – आणि चौथा! तिसऱ्याच्या मागं एका चाकानं चौथा!

संपलं सगळं. गाडी बाजूला लावली, खाली वाकून बघतो – काळा दोरा! शेजारी बापही वाकलेला. दोघांना एकदमच कळलं. आणि मागनं आत्या पेढ्याचा पुडा घेऊन धावत येतेय, "देवाचा दोरा व्हता म्हणून सुखरूप आलास माझ्या राजा!"

मंडळी! आता काय? पोराचं तोंड लाल झालं. ओठ उघडले. शब्द जिभेच्या टोकावर आला – आणि तो शब्द कसला असेल, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? शामरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना चकलीची दिवाळी आठवली.

पण सत्यशीलचा डावा हात अजून क्लचवर होता. ती मूठ आवळली गेली. कुणास ठाऊक का! सगळी शर्यत ज्या मुठीनं सावरली, तीच मूठ. क्षणभर थांबला. आत्याच्या कपाळावरचा घाम दिसला, धुळीनं भरलेल्या चपला दिसल्या. आणि म्हणाला, "आत्या, फुडल्या खेपंला माझ्या मनगटाला बांध."

एवढंच बोलला. आणि मग त्यालाच आठवलं, की पुढची खेप आता कुठली? मान खाली गेली.

शामरावांनी दोरा सोडला. निरगाठ होती, वेळ लागला. तो बहिणीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आक्का, फुडल्या खेपंला मनगटालाच बांध बरं का." पोरगं बघतच राहिलं! "बघतोस काय? राग आल्यावर थांबता येतंय तुला. मग गाडी चालवायला माझी ना न्हाई."

मला हे सांगताना आजही भरून येतं, मंडळी.

अधिराज, बसव बाबा क्विकशिफ्टर! शर्यतीला जाणार असशील तर खुशाल बसव. बाजारपेठेत म्हशीच्या मागं उभं राहायला काय करायचंय ते? तिथं क्लच बरा. आणि बाकीच्यांनी हसू नका! तुमच्याकडं बाईक नाही, पण जिभेला क्विकशिफ्टर जन्मापासून बसवलेलं आहे! मनात आलं की पडला गिअर! आता घरी जाल, आमटी अळणी असेल. सून उशिरा उठेल. म्हातारा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारेल. बोलायच्या आधी – सगळ्यांनी डावा हात वर करा! करा! मावशी, तुम्हीपण! आवळा मूठ... आता त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढं आणा, ज्याला तुम्ही आज सकाळी बोललात.

आलं? राहू द्या तशीच मूठ. गणपतराव, हळूच घ्या ठेका.