कोक-सायच्या वाटेने

नाही रे बाबा, ती वाट नको. हात काढ तिथून, नकाशावर साय सांडेल. सोन-कोलला जाऊन तू करणार काय, सांग मला. तलावच तो. पाणी असतं, पाण्याभोवती घोडे असतात, आणि घोड्यांभोवती तुझ्यासारखेच फटफटीवाले, एकमेकांचे फोटो काढत. खा ना, बोरसोक खा, आत्ताच तळलेत, गार झाले की चिवट होतात. आणि ही दुसरी, ही लाल रेघ — तिकडचा पूल वाहून गेलाय. कधी म्हणजे? गेलाय एवढं खरं. अं? परवाच तिकडून कुणी आलं? मग बांधला असेल पुन्हा. आज आहे उद्या नाही असला पूल, त्याच्या भरवशावर कुणाच्या आईचं लेकरू मी पाण्यात ढकलू?

कोक-सायला जा. नकाशात नाही? नकाशात तर आमचं घरही नाही, पण बसलायस ना त्यात चहा ढोसत? हे बघ — खिंड चढायची, उतरलास की नदी, ती सकाळीच ओलांडायची, दुपारी बर्फाचं पाणी येतं, मग घोडासुद्धा पाय टाकत नाही. पलीकडे कुरण, कुरणात चार-सहा तंबू, त्यातला शेवटचा, निळ्या दाराचा. तिथे थांबायचं. का म्हणजे? घोडीचं दूध चांगलं असतं तिथलं. मागच्या उन्हाळ्यात एक आला होता, त्याला तिथेच पाठवला, त्याच्या आधीच्या जोडप्यालाही तिथेच — सगळ्यांना तिथेच पाठवते मी, सगळे खूश होऊन येतात. एकजण तेवढा नदीत पडला. पण त्याला पोहता येत होतं.

कुणाचा तंबू म्हणजे? असाच, एका घरचा. काय मेले डोळे बारीक करून बघतोस! बरं, आमच्या बुरुलचा. माझी मुलगी. झालं समाधान? आणि हळू बोल, हे बाहेरच आहेत, तुझ्या फटफटीपाशी. ह्यांच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही अशी शपथ आहे घरात. फटफटीचं तर विचारूच नकोस — बुरुल गेली त्या दिवसापासून आवाज नुसता कानावर आला तरी थुंकतात, आणि दारात एखादी येऊन थांबली की पहिले हेच बाहेर! साखळी बघ, टायर दाब. हिवाळाभर गोठ्यात काहीतरी ठोकत बसले होते. काय करताय, विचारलं, तर म्हणे तिवई. एका तिवईला अख्खा हिवाळा? पण विचारायची सोय नाही, लगेच मिशी थरथरते.

पळवलीबिळवली काही नाही रे. गाव म्हणतं पळवली. पळवलेली मुलगी आपले हिवाळी बूट काखेत मारून, झगा सावरून मागच्या सीटवर बसते होय? आमच्या जावयाची, कुबातची ती जुनी रशियन फटफटी, अर्ध्या खोऱ्याला ऐकू गेली, ह्यांना तेवढी ऐकू आली नाही. मग त्याच्याकडची माणसं आली मेंढ्या घेऊन — राग शांत करायला आणतात आमच्यात. बापाने जरा ओरडायचं, टोपी आपटायची, मग मेंढी कापायची, जेवायचं, संपलं. मी चूल पेटवून तयार! आणि ह्यांनी काय केलं? मेंढ्या परत हाकलल्या. अरे, ओरडायचं असतं, परत नसतं पाठवायचं! परत पाठवल्या की ती माणसं पुन्हा उंबरा चढत नाहीत, बापाने बोलावल्याशिवाय मुलीला माहेरी येता येत नाही, आणि आपण होऊन तिच्या दारात जायचं तर कुठल्या तोंडानं? मी गेले असते, गेलेच असते — पण ह्यांचा शब्द मोडून गेल्यावर परत कुणाच्या घरी येऊ? एका माणसाने एकदा 'ये' म्हणायचंय, बस, एवढंच अडलंय. तेवढं तोंडातून निघत नाही. एरवी टायरांवर बोलायला लाव, सूर्य बुडेल.

आणि सांगते, पण तोंड उघडशील तर बघ. तो मागच्या उन्हाळ्यातला — त्याला आपली भाषा यायची नाही, नुसते हातवारे — परत आला आणि फोनवर फोटो दाखवला. बुरुल दारात उभी, आणि कडेवर मुलगा. कान अगदी ह्यांचे, बाहेर आलेले. तेवढ्यात हे आत आले, मी फोन पालथा घातला. ह्यांना पत्ताच नाही! आजोबा झालाय माणूस आणि त्याला ठाऊक नाही. बरी शिक्षा आहे. आमच्यात नातवाला पहिलं खोगीर आजोबा पाठवतो, मग पोरगं आईला घेऊन आजोळी येतं, घोडा न्यायला. आता ह्यांच्याकडून कसलं खोगीर येतंय? बसेल बिचारा मेंढीवर. मला मात्र झोप येत नाही रे. किती आठवण येते तिची, कुणाला सांगू? तुझ्यासारख्यांना सांगते, तुम्ही निघून जाता.

हे घे, बुरुलला दे. कुरुत आहेत, वाळवलेल्या दह्याचे गोळे — शाळेत जाताना खिशात भरून न्यायची. माझ्याच डोक्याच्या रुमालात बांधलेत, दुसरं फडकं सापडलं नाही. हो, नवाच आहे, मग? परत आणू नकोस. आणि पोराचा फोटो काढ, पायांसकट, चालायला लागला असेल. ह्यांनी बघायच्या आत पिशवीत टाक. थांब, खिडकीतून बघते कुठे आहेत ते.

तिथेच आहेत. मागच्या बाजूला काहीतरी बांधतायत. तुझं सामान सोडलं की काय — नाही, तुझं नाही ते, ती तिवई आहे. अगं बाई, तुझ्या फटफटीला तिवई कशाला बांधतायत? आणि तिवईला कुठे कठडे असतात, पुढून, मागून... आत चामडं...

खोगीर आहे रे. एवढंसं.

त्या हातवारेवाल्यानेच फोटो दाखवला असणार, बाहेर, टायर दाबता दाबता. म्हणजे हिवाळाभर ह्यांना ठाऊक! आणि मला म्हणतात तिवई.

ऊठ तू. तलाव नाही नि फिलाव नाही, घडी कर तो नकाशा. नदी चढेल. मी दारापर्यंत येत नाही, ह्यांनी माझं तोंड बघायला नको आत्ता. जा — आणि ऐक, ती गाठ एकदा ओढून बघ, ह्यांना गाठ मारता येत नाही. जा म्हणते ना!